नावानिशी

चहा सांगायला किती वेळ लागावा? आमच्या ऑफिसात तो चहा प्यायच्या वेळेपेक्षा जास्त लागायचा, आणि त्याला कारण सर.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. चादरींची डिझाइनं कॉम्प्युटरवर चढवून द्यायची, म्हणजे कारखान्यातल्या मागाला ती विणता येतात, एवढंच आमचं काम. मी रंग भरायचे. सर कॉम्प्युटर सांभाळायचे. आधी कुठल्याशा क्लासमध्ये शिकवत होते, म्हणून ते सर. गाव मंगळवेढ्याकडचं, पण बोलणं असं तोलूनमापून की जणू प्रत्येक शब्दाची नंतर चौकशी होणार आहे.

तर चहा. सर खिडकीत उभे राहायचे आणि खाली टपरीवाल्याला हाक मारायचे. "मालकांना एक. मॅडमना एक, बिनसाखरेचा. हिशेबाच्या काकांना एक. मला एक." खालून तो वैतागून ओरडायचा, "सर, सगळ्यास्नी म्हणा की सरळ."

"सगळे म्हणजे कोण कोण?" सर विचारायचे. खाली गिऱ्हाइकं हसायची. इकडे माझ्या घशाला कोरड पडलेली असायची. बरं, रोज तीच माणसं, तोच चहा. पण चहा सांगताना 'सगळ्यांना' हा शब्द त्या माणसाच्या तोंडून मी ऐकला नाही.

याचं मूळ काय, ते मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मालकांना विंडोजचे पैसे भरायचे नव्हते, म्हणून सरांनी सगळ्या मशिनवर लिनक्स टाकलेलं. काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचा. मी एका फोल्डरमधल्या फायली दुसरीकडे न्यायला चांदणीचं चिन्ह दाबलं, म्हणजे जेवढ्या आहेत तेवढ्या घे. मागून आवाज आला, "मॅडम, ही चांदणी त्या प्रोग्रामला दिसते का?"

"दिसत असेल की."

"नाही दिसत. तुमच्या आणि प्रोग्रामच्या मध्ये शेल बसलेला आहे. तुम्ही लिहिता ते आधी तो वाचतो. चांदणी दिसली की तो फोल्डरमध्ये जातो, तिथली नावं गोळा करतो, ओळीनं मांडतो, आणि मग प्रोग्रामला हाक मारून ती नावं त्याच्या हातात देतो. नावं तुम्ही एकेक सांगितलीत की चांदणीनं आणली, हे त्या बिचाऱ्याला कळायला मार्गच नाही. त्याच्या दृष्टीनं तुम्ही प्रत्येकाचं नाव घेतलंत."

"मग बरंच आहे की. माझं टाइपिंग वाचलं."

"पण तुम्हाला ती नावं ठाऊक होती का?" असं म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले. मला चोरी करताना सापडल्यासारखं झालं, आणि मग मी स्वतःवरच चिडले. फायली हलवत होते हो मी, गुन्हा नव्हते करत.

हा माणूस हे सगळं काळ्या खिडकीत ठेवून घरी गेला असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण नाही. फाइलचं नाव दोन शब्दांचं असेल तर त्याला अवतरणचिन्हं लावायची, नाहीतर शेल त्याची दोन नावं करतो. म्हणून बोलतानासुद्धा दोन शब्दांचं काही आलं की सर दोन्ही हातांची बोटं हवेत वाकवायचे. 'अशोक चौक' म्हणताना बोटं. 'शेंगा चटणी' म्हणताना बोटं. एकदा रिक्षावाल्याला पत्ता सांगताना त्यांनी इतक्यांदा बोटं वाकवली, की तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, यांना काय होतंय का?"

आणि लग्नाच्या पत्रिका. आपल्याकडे पाकिटावर एक नाव लिहून पुढं 'सहकुटुंब सहपरिवार' लिहिलं की काम झालं. सरांना ते बघवायचं नाही. "ही चांदणीच आहे," ते म्हणायचे. "दारात कोण येऊन उभं राहणार ते यजमानाला ठाऊक नाही, आणि मला बोलावलंय का ते पाहुण्याला ठाऊक नाही." स्वतःच्या मुलीच्या लग्नात त्यांनी प्रत्येक पाकिटावर त्या घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहिलं. एका पाकिटावर तर 'बाळ, नाव ठेवायचे आहे' असंसुद्धा लिहिलं होतं, ते मी डोळ्यांनी बघितलंय. परिणाम व्हायचा तो झाला. टेंभुर्णीच्या चुलतभावाकडे त्याची सासू मुक्कामाला होती, तिचं नाव पाकिटावर नव्हतं. म्हातारी रुसली, तिच्यामुळं तिची लेक रुसली, आणि ते अख्खं घर लग्नाला आलं नाही. "सहकुटुंब लिहा म्हणून हात जोडले होते मी," सरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, मला मांडवात सांगत होत्या. सर शेजारीच उभे होते. म्हणाले, "त्या तिथं आहेत हे मला कुणी कळवलं नव्हतं." चूक झाली असं नाही, वाईट वाटलं असं नाही. कळवलं नव्हतं.

आमच्या ऑफिसात या माणसाला पुरून उरणारा एकच गडी होता, तो म्हणजे अण्णा.

अण्णा आमचे डिझाइन मास्टर. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी, आणि हात असा की ग्राफच्या कागदावर चौकोन भरायला बसले की बघत राहावं. जुनी चादर तुम्ही बघितली असेल; दोन्ही बाजूंनी तेच डिझाइन, फक्त रंग उलटे. इकडं लाल जमिनीवर पांढरा मोर, तर तिकडं पांढऱ्या जमिनीवर लाल. अण्णा कागदाच्या कोपऱ्यात डिझाइनचं अक्षर लिहायचे, आणि उलट्या बाजूचा कागद असेल तर त्या अक्षराच्या आधी वजाची आडवी रेघ मारायचे. त्यांच्या गुरूंनी त्यांना तसं शिकवलं होतं. ऑफिसात आल्यावर त्यांनी कॉम्प्युटरवर फोल्डरलाही तशीच नावं दिली. एका बोटानं टाइप करायचे, त्यामुळं नाव म्हणजे इंग्रजी एखाददुसरं अक्षर. मोराचा एम, मोगऱ्याचं एमजी, रुईफुलाचा आर.

अण्णांना दुसरी एक सवय होती. दिवसभर कापड नाहीतर कागद तुकड्यातुकड्यांनी स्कॅन करायचा, तुकडे जोडून डिझाइन फोल्डरमध्ये ठेवायचं, आणि संध्याकाळी बाहेर पडलेले सुटे तुकडे पुसायचे. त्यासाठी ते 'पुसून टाक' चा हुकूम आणि पुढं चांदणी टाइप करायचे. पुसणारा प्रोग्राम सुट्या फायली पुसायचा आणि फोल्डर आलं की 'हे फोल्डर आहे' अशी कुरकुर करून सोडून द्यायचा. प्रत्येक फोल्डरसाठी एक ओळ. अण्णांना त्या ओळी वाचता येत नव्हत्या. "कुरकुर आली म्हंजे काम झालं," असं म्हणून ते चपला घालायचे.

सर हे बघून तळमळायचे. "अण्णा, तुकड्यांची नावं लिहा."

"मास्तर, चादर झाडताना बारीक बारीक कचऱ्याला नावं देऊ का मी?"

मग ऑफिसात पहिलीच उलटी बाजू आली, मोराची, आणि अण्णांनी 'वजा एम' असं फोल्डर केलं. त्या संध्याकाळी पुसणं चालेचना. सर धावत आले. आता ही गंमत त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलीय की मला झोपेतून उठवून विचारा. शेल नावं नुसती पुढं करतो. त्यातलं एखादं नाव वजाच्या रेघेनं सुरू होत असेल, तर प्रोग्रामला ते नाव वाटतच नाही. त्याला वाटतं, काम कसं करायचं याचा हुकूमच आलाय. 'एम' नावाचा हुकूम त्याला माहीत नव्हता, म्हणून तो अडून बसला होता.

"नावाआधी वजा चालणार नाही," सर म्हणाले.

"चालणार न्हाय? माज्या गुरूनं लावल्याली रेघ हाय ती."

दुसऱ्या दिवशी सरांनी अण्णांना न विचारता त्या फोल्डरचं नाव बदलून टाकलं. अण्णांना ते सापडेना. अख्खी सकाळ ते मोर शोधत बसले, कारखान्याचा माणूस समोर ताटकळत उभा. शेवटी जेव्हा कळलं तेव्हा अण्णा खुर्चीतून उठले, आणि सरांपुढं जाऊन शांतपणे म्हणाले, "मास्तर, आजपास्नं माज्या फायलीला हात लावायचा न्हाय. आन् माजा च्या बी तुमी सांगायचा न्हाय."

दुसरा कुणी असता तर दोन दिवसांनी विसरला असता. सरांनी ते पाळलं. तेव्हापासून खिडकीतल्या यादीतून अण्णांचं नाव गेलं. सगळ्यांचा चहा यायचा आणि अण्णा थर्मासमधला ओतून प्यायचे, दोघांची तोंडं दोन भिंतींकडे. मी दोघांनाही सांगून बघितलं. मालकांनी सांगून बघितलं. अण्णा म्हणायचे, "त्याला काय पडलंय का?" सर म्हणायचे, "त्यांनी स्पष्ट सांगितलंय." शेवटी मी नाद सोडला.

या सगळ्यात अण्णांची नात लग्नाची झाली. अण्णांचं लग्न झालं त्या वर्षी त्यांनी बायकोसाठी एक डिझाइन काढलं होतं, मोगऱ्याचं. बाजारात कधी दिलं नाही. ओळखीच्या मागावर तेव्हा दोनच चादरी विणून घेतल्या होत्या. आता नातीच्या रुखवतात मोगऱ्याची चादर ठेवायची असं आजीनं बोलून टाकलं होतं. अण्णांचा मूळ कागद वाळवीनं खाल्ला होता, पण त्याआधी ते स्कॅन करून, तुकडे जोडून, चौकोन न् चौकोन सुधारून त्यांनी कॉम्प्युटरवर आणलं होतं. आम्ही कौतुकानं बघायला गेलो की डोळे पुसायचे आणि चष्म्याला नावं ठेवायचे.

लग्न महिन्यावर आलेलं असताना रुईफुलाची उलटी बाजू करायचं काम आलं. अण्णांनी फोल्डर केलं, 'वजा आर'. संध्याकाळी नेहमीसारखा हुकूम टाइप केला, चांदणी लावली, आणि चपला घालायला वाकले. मग तसेच थांबले. मला म्हणाले, "पोरी, कुरकुर आली न्हाय."

मी स्क्रीनकडे बघितलं. एक ओळ नाही. फोल्डर उघडायला गेले तर उघडायला काही नव्हतंच. मोर नाही, कमळ नाही, मोगरा नाही. एकच फोल्डर उरलं होतं, वजा आर.

सर आले, बघितलं, आणि खुर्चीत बसले. 'आर' नावाचा हुकूम पुसणाऱ्या प्रोग्रामला चांगला ठाऊक आहे. फोल्डरसुद्धा आतल्या सामानासकट पुसायचं, असा त्याचा अर्थ. शेलनं नावांच्या ओळीत तेही नाव दिलं, प्रोग्रामनं ते नाव म्हणून घेतलं नाही, हुकूम म्हणून घेतलं, आणि बाकीच्या सगळ्या नावांवर तो चालवला. म्हणून तेवढं एक वाचलं.

"बॅकअप असेल ना, सर?" मी विचारलं.

सर म्हणाले, "मी बॅकअपला चांदणी लावत नाही. नावं लिहितो. अण्णांची नावं त्यात नाहीत."

"का नाहीत?"

"हात लावायचा नाही म्हणाले होते."

मला वाटलं यापेक्षा जास्त राग या माणसाचा येऊच शकत नाही. पण त्यांचं बोलून झालं नव्हतं. "हे फोल्डर मी दुपारीच बघितलं होतं," ते म्हणाले. "आर आहे हेही बघितलं होतं."

"मग बदललं का नाही? निदान सांगायचं तरी. तोंड उघडायला काय झालं होतं तुम्हाला?" मी ओरडले. ऑफिसात मी इतक्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. "तुमच्या त्या प्रोग्रामला अक्कल नाही, त्याला मध्ये शेल लागतो. तुम्ही माणूस आहात ना?"

सरांनी मान खाली घातली. अण्णांनी एवढंच विचारलं, "मोगरा बी?" सर म्हणाले, "व्हय, अण्णा." त्यांच्या तोंडून गावाकडचा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

सरांनी डिस्क उकरून बघितली, हाती काही लागलं नाही. मग ते कारखान्या-कारखान्यांतून हिंडले. विकलेली डिझाइनं तिथल्या मागांवर होती, ती मागून आणली. मोर आला, कमळ आलं. मोगरा कुठल्याच मागावर नव्हता. घरातल्या चादरीची अण्णांच्या बायकोनं कधीच गोधडी करून टाकली होती आणि ती गोधडीही विरून गेली होती. दुसरी चादर अण्णांनी त्यांच्या जुन्या जोडीदाराला दिली होती. तो माग सोडून सांगोल्याकडे आपल्या डाळिंबाच्या शेतावर गेला होता, आणि नंतर वारला.

रविवारी सकाळी सर माझ्या दारात उभे. "मोगरा ओळखणारं कुणीतरी बरोबर पाहिजे. चला." राग गेला नव्हता माझा, पण गेले. एसटीत खिडकीची जागा त्यांनी मला दिली आणि सांगोल्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत, ते एक बरं झालं. स्टँडवर उतरल्यावर मात्र पुन्हा सुरू. मी म्हणत होते, डाळिंबवाले म्हणून विचारा. सर त्या वारलेल्या माणसाचं पूर्ण नाव, बापाचं नाव, आडनाव, असं एकेकाला विचारत सुटले. डाळिंबवाले तिथं पावलोपावली होते, त्यामुळं त्यांचंच बरोबर निघालं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

मळ्यावर त्या माणसाची सून होती. "चादर? कंची चादर? लई हायत की," ती म्हणाली. आम्ही घरात बघितलं, ट्रंका बघितल्या. नव्हती. निघताना सर अंगणात थांबले. टँकरचं पाणी भरून ठेवलेल्या पिंपावर काहीतरी झाकलेलं होतं, उन्हानं पार पांढरं पडलेलं. सरांनी ते उचललं. वरच्या बाजूला काही म्हणता काही दिसत नव्हतं. त्यांनी ते उलटं केलं, आणि माझ्यासमोर धरलं.

खालच्या बाजूला ऊन लागलं नव्हतं. कडेला ओल लागून गेलेली, दोन ठिकाणी भोकं, पण मध्ये पांढऱ्यावर हिरव्या रंगात मोगऱ्याच्या कळ्या, ओळीनं.

"आहे का?" सर विचारत होते. मी मान हलवली. सरांनी पिशवीतून कोरी करकरीत चादर काढून त्या सुनेला दिली, आणि जुनी घडी न करता मांडीवर घेऊन बसले, ती सोलापूर येईपर्यंत.

सोमवारी अण्णांनी ती चादर हातात घेतली आणि बराच वेळ नुसती चाचपली. मग दोघं स्कॅनरपाशी बसले. तुकडे जोडले, भोकांच्या जागचे चौकोन अण्णांनी आठवून भरले. दोघांत बोलणं असं नव्हतंच. "हितं पांढरा," "हो," "न्हाय, एक घर खाली," "हो," एवढंच. जेवायची सुट्टी झाली तरी कुणी उठलं नाही. शेवटी डिझाइन पूर्ण झालं आणि फोल्डरला नाव द्यायची वेळ आली. की-बोर्ड सरांच्या पुढ्यात होता. अण्णा म्हणाले, "द्या तुमाला पायजे ते. मी काय म्हनत न्हाय."

सरांनी बोटं की-बोर्डवर ठेवली. मला वाटलं, झालं, आता पुन्हा प्रवचन. त्यांनी आधी एक टिंब आणि तिरकी रेघ टाइप केली. "अण्णा, याचा अर्थ, इथला. हे आधी लिहिलं की प्रोग्रामला कळतं की पुढं नाव आहे, हुकूम नाही. संध्याकाळी पुसताना चांदणीच्या आधीही हेच लिहायचं." आणि मग त्या इथला-च्या पुढं त्यांनी स्वतःच्या बोटानं वजाची रेघ मारली, आणि एमजी लिहिलं.

अण्णा स्क्रीनकडे बघत होते. "उलटी बाजू हाय ना," सर पुटपुटले. "मग रेघ पायजे."

अण्णांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. नंतर थर्मासचं झाकण उघडून आत बघितलं आणि परत लावलं. "मास्तर," ते म्हणाले, "च्या सांगा. माजा बी सांगा."

सर उठले, खिडकीत गेले. मी मनात म्हटलं, आता तरी हा माणूस सरळ 'सगळ्यांना' म्हणेल. आज नाही तर कधी? त्यांनी खाली हाक मारली, घसा खाकरला आणि सुरुवात केली, "अण्णांना एक."